होल्डवर ठेवलेलं रान

चाकणच्या ज्या कंपनीत मी अजून कामाला जातो, तिथे माझं काम माल तपासायचं आहे. बाहेरून गाड्यांचे छोटे सुटे भाग येतात. मी ते व्हर्निअरच्या जबड्यात धरतो, माप घेतो आणि सांगतो की हा चालेल, हा चालणार नाही. चालणाऱ्या मालाच्या ट्रेला हिरवं लेबल. न चालणाऱ्याला लाल, आणि लाल लागलं की तो माल भंगारात जातो, त्यावर चर्चा होत नाही. ज्याचा निर्णय अजून व्हायचा आहे त्याला पिवळं, म्हणजे होल्ड. होल्डच्या मालाला मी स्वतः लेबल काढेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, मग तो कितीही मोठा साहेब असो. एवढ्या मोठ्या कंपनीत माझा मान काय तो एवढाच.

ही खोड घरीही यायची. भाकरी ताटात पडली की मी नुसता बघायचो, आणि बायकोला तेवढ्यानं कळायचं की एका बाजूला जाड झाली आहे. एकदा तिनं गळक्या पातेल्याच्या बुडाला आपल्या पाकिटातली लाल टिकली चिकटवली, पातेलं माझ्यापुढे आदळलं आणि म्हणाली, "घ्या, रिजेक्ट. आता नवीन आणा." तेव्हापासून मोशीच्या आमच्या फ्लॅटमध्ये टिकल्यांचं राज्य सुरू झालं. विरलेल्या टॉवेलला टिकली, बंद पडलेल्या मिक्सरला टिकली. आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. अशाच एका गुरुवारी दुपारी मी झोपलेला असताना तिनं माझ्या कपाळावर टिकली लावली, आणि मी तसाच दार उघडून गॅसवाल्याकडून सिलेंडर घेतला. तो बिचारा माझ्या कपाळाकडे बघत पैसे मोजून गेला. ती मात्र आतल्या खोलीत हसून हसून बेजार झाली होती.

मग ती आजारी पडली. आधी साधी कावीळ वाटली, ती साधी नव्हती, आणि हॉस्पिटलमधून ती परत आली नाही. पावसाळा संपत आला होता.

मला काही वाटलं नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, लाज वाटते म्हणूनही नाही. जे होतं ते असं होतं. पांढरे कपडे घालून नातेवाईक जमले, त्रिसरण-पंचशील झालं, मुलगी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती, आणि मी गॅसच्या शवदाहिनीच्या चिमणीकडे बघत होतो. धूर अगदी थोडा येत होता. भट्टीचं ज्वलन चांगलं आहे, असा विचार माझ्या मनात आला. दुसरा कुठलाही नाही. मुलगी आयटीत आहे, तिला तिच्या कंपनीनं लगेच सुट्टी दिली. मला माझ्या कंपनीनं दिली होती ती मी पुरी घेतली नाही, कारण घरी बसून काय करायचं ते सुचेना.

राख स्टीलच्या डब्यात आली. नदीत सोडायची नाही असं मुलीनं ठरवलं. इंद्रायणीवर तेव्हा फेस इतका होता की पुलावरून पाणी दिसत नव्हतं. "त्या फेसात आईला सोडायचं नाही," ती म्हणाली, आणि विषय संपला. आमच्यात हल्ली बरेच जण खड्ड्यात राख टाकून वर झाड लावतात, शक्यतो पिंपळ. पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसानं पिंपळ लावायचा कुठे? डबा कपाटात गेला, तिच्या साड्यांच्या खाली. पुण्यानुमोदनाला आलेल्या प्रत्येकानं विचारलं की रक्षेचं काय केलं. बघू, असं मी प्रत्येकाला सांगितलं.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर कंपनीनं टूम काढली, प्रत्येक कामगाराच्या हातून एक झाड. आमच्या प्लांटच्या मागे तारेच्या कुंपणातली मोठी जागा आहे. कंपनीनं ती पूर्वीच घेऊन ठेवली, तिथे नवीन शेड होणार होती. ती आजतागायत झालेली नाही. सगळे तिला फेज टू म्हणतात. तिथे खड्डे खणले होते, आणि प्रत्येक खड्ड्याशेजारी त्या-त्या कामगाराच्या टोकन नंबरची पत्र्याची पाटी होती. पिंपळ नको असं साहेबांनी आधीच सांगितलं होतं, मुळं भिंती फोडतात म्हणून. नर्सरीच्या टेम्पोत शोभेची रोपंच जास्त होती. त्यातलं जांभळाचं एक मी उचललं. बायको जांभळं मीठ लावून खायची आणि मग जीभ काढून दाखवायची, पन्नाशीला आली तरी.

सकाळी डबा मी जेवणाच्या पिशवीतून नेला होता. सगळे चहाला गेले तेव्हा तो खड्ड्यात उपडा केला, वर माती ओढली, रोप लावलं. कुणी बघितलं नाही. मुलीला संध्याकाळी सांगितलं. ती म्हणाली, "पप्पा, कंपनीत?" मी म्हणालो, दिवसाचा बहुतेक वेळ मी तिथेच असतो. माझ्या तपासणीच्या खोलीच्या खिडकीतून तो खड्डा दिसतो, हेही मी तिला सांगितलं.

ते जांभूळ पहिल्या उन्हाळ्यात मेलं. एकटं तेच नाही, बहुतेक सगळी रोपं मेली. टँकर यायचा बंद झाला, साहेबांची बदली झाली, आणि पाट्या तेवढ्या उभ्या राहिल्या. मी मात्र जेवणाच्या सुट्टीत बाटलीभर पाणी त्या वाळक्या काडीला घालत राहिलो. रोज मेलेल्या काडीला पाणी घालताना मला मूर्खासारखं वाटायला हवं होतं. तेही वाटत नव्हतं.

पाऊस झाल्यावर त्याच आळ्यात काहीतरी हिरवं वर आलं. जांभूळ फुटलं म्हणून मी हाउसकीपिंगच्या सुपरवायझरला दाखवायला नेलं. हा माणूस प्लांटमागच्या गावातला. फेज टूची निम्मी जागा एके काळी त्याच्या भावकीचा माळ होता. आम्ही रोज एकाच बसच्या थांब्यापर्यंत चालत जातो, त्यामुळे दोस्ती. तो वाकला, पान तोडून चावलं आणि थुंकलं.

"भाऊ, हे जांभूळ न्हाई. लिंब हाय, कडू. पाखरानं टाकलाय."

मला त्या वेळी ते पटलं. बायकोही आयुष्यभर मी सांगितलेलं सोडून दुसरंच काहीतरी करायची. मी जांभूळ म्हटलं म्हणून तिनं कडुलिंब काढला असेल. असले विचार मी कुणाला सांगत नसे, पण त्यावर माझे दिवस निघत होते.

कडुलिंब वाढला. त्याच्याबरोबर बाकीचंही वाढलं, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. कुंपणामुळे शेळ्या आत येत नव्हत्या, कुणी वणवा लावत नव्हतं, आणि शेड होणार होणार म्हणून कुणी नांगरतही नव्हतं. आधी घाणेरी आणि गवत माजलं. मग बोरी आल्या, हिवर, बाभळी, पळस, आपट्याची दोन-तीन झाडं. तारेच्या कडेनं कडुलिंबांची रांगच लागली, कारण पाखरं तारेवर बसतात. एका वर्षी खिडकीतून बघितलं तर पलीकडची भिंत दिसेना. कंपनीत सगळे त्याला जंगल म्हणायला लागले, अर्थात नाक मुरडून. लावलेलं एकही झाड त्यात नव्हतं. पाट्या मात्र आत कुठेतरी गंजत उभ्या होत्या.

मग परदेशातल्या आमच्या ग्राहक कंपनीनं विचारलं की तुम्ही किती कार्बन हवेत सोडता आणि किती झाडांत साठवता. आमच्याकडे उत्तर नव्हतं. मोजायला एका सल्लागार संस्थेची मुलगी आली. कोकणातली, पंचविशीची असेल, पायात बूट, गळ्यात टेप. मापाचं काम म्हटल्यावर मॅनेजरांनी मला तिच्याबरोबर दिलं. ती झाडाला छातीच्या उंचीवर टेप गुंडाळायची, घेर सांगायची, मी लिहायचो. माणूस माप नीट घेतो की उरकतो हे मला लगेच कळतं. ती नीट घेत होती.

"काका, हे रान कुणी लावलं?" तिनं विचारलं.

"कुणी नाही. आपोआप आलं."

तिला आनंद झाला. तिनं सांगितलं, आपल्यासारख्या उष्ण मुलखात जगभर असंच चाललंय. शेतं, माळ, कुरणं माणसं सोडून देतात आणि तिथे रान परत उठतं. असं कोवळं रान भराभर वाढतं, आणि वाढताना हवेतला कार्बन ओढून खोडात, मुळांत, मातीत साठवत जातं. "लावलेली रोपं बहुतेक मरतात," ती म्हणाली. "हे आपलं आपण आलेलं असतं, म्हणून टिकतं. फक्त तोडलं नाही तर. बहुतेक ठिकाणी थोडं मोठं झालं की परत तोडतात, मग साठवलेलं सगळं पुन्हा हवेत."

आम्ही कडुलिंबापाशी पोचलो. तिनं टेप गुंडाळला. मी जमेल तितक्या सहज आवाजात विचारलं, "मॅडम, झाडाच्या खाली काही पुरलं असलं, समजा राख, तर ती झाडात जाते ना?"

"राखेतले थोडे क्षार जातात. पण लाकूड मातीतून येत नाही काका. लाकूड हवेतून येतं. पानं हवेतला कार्बन घेतात, त्याचंच खोड होतं. राखेत कार्बन जवळजवळ उरतच नाही, तो जळताना धुरातून निघून गेलेला असतो."

तिनं घेर सांगितला. मी लिहिला. माझं अक्षर बघितलं तर कुणाला काही कळलं नसतं. पण त्या दिवशी माझ्याजवळ जे एवढंसं उरलं होतं तेही गेलं. इतकी वर्षं मी खिडकीतून ज्या खोडाकडे बघत होतो, त्यात ती नव्हतीच. ती त्या चिमणीतून गेली होती, आणि मी ज्वलनाचा दर्जा बघत उभा होतो.

मोजून झालेल्या प्रत्येक झाडाला ती एक फीत बांधत होती, पुढच्या वर्षी तीच झाडं परत मोजता यावीत म्हणून. हिरव्यात लांबून दिसावी म्हणून तिनं लाल फीत आणली होती. कडुलिंबालाही तिनं ती बांधली. मला टिकलीची आठवण झाली आणि खूप दिवसांनी ओठ जरा हलले. आमच्या कंपनीत लाल म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण तो नियम ट्रेमधल्या मालाचा. तो कुणी झाडांना लावील हे डोक्यात आलं नाही.

ग्राहक कंपनीचे लोक प्लांट बघायला येणार असं ठरलं. अशा वेळी आमच्याकडे काय चालतं ते या पट्ट्यात काम केलेल्याला सांगायला नको. जमिनीवर पिवळे पट्टे नव्यानं मारतात, झाडूसुद्धा त्याची आकृती काढलेल्या जागीच टांगतात, आणि ज्याचा उपयोग नाही त्याला लाल लेबल लावून भंगारात काढतात. मॅनेजर मोजणीनंतर आलेले, नवे होते, तरुण, स्वभावानं वाईट नाहीत. त्यांनी खिडकीतून मागे बघितलं आणि सुपरवायझरला म्हणाले, "फेज टू जरा क्लीन करून घ्या." सुपरवायझर कंत्राटदाराची माणसं घेऊन आत गेला. बघतो तर निवड आधीच झालेली. मोठ्या झाडांना लाल फिती.

हे सगळं गुरुवारी झालं, सुट्टीच्या दिवशी. शुक्रवारी सकाळी मी खिडकी उघडली आणि मला पलीकडची भिंत दिसली.

झुडपं होती, पाला होता, पण उंच असं काही उरलं नव्हतं. गुडघ्याएवढे खुंट होते. कडुलिंबाचा खुंट मला लगेच दिसला, कारण त्याच्याजवळची माझ्या टोकन नंबरची पाटी पुसून स्वच्छ केली होती. मी खुर्चीवर बसलो आणि पहिला ट्रे ओढला. संध्याकाळपर्यंत तपासणी केली. त्या दिवशी माझ्या हातून एकही चूक झाली नाही.

चहाच्या सुट्टीत सुपरवायझर भेटला. खूश होता.

"भाऊ, बगितलं का? सगळं रेड टॅगवालं काढलं. एक सोडलं न्हाई."

"ती मोजणीची फीत होती," मी म्हणालो. "ठेवायच्या झाडांना बांधलेली."

त्याचा कप तोंडापाशीच थांबला. "लाल बांधली व्हती की, भाऊ." कप खाली ठेवत तो परत म्हणाला, "आमी तर लाल बगून तोडलं." त्याच्यावर रागवायला माझ्याकडे काही कारण नव्हतं. लाल बघून मीही भंगारातच टाकतो. मी विचारलं, लाकूड कुठे गेलं. कंत्राटदार घेऊन गेला, म्हणाला, कुठल्यातरी धाब्याच्या भट्टीला.

"खुंट पण राहायचे न्हाईत," तो म्हणाला. "येत्या गुरुवारी जेसीबी येनार हाय. मुळं उपटून लेव्हल करनार, वर लॉन टाकायचं हाय." मग खाली बघत त्यानं सांगितलं की मुळासकट तोडायला सांगितलं होतं, पण असं मुळासकट तोडायला त्यांच्या गावात कुणाचा हात धजत नाही, म्हणून खुंट राहिले.

संध्याकाळी बसच्या वाटेवर एका धाब्याची भट्टी पेटलेली दिसली. तोच धाबा असेल असं काही नाही. तरी मी काच सरकवली आणि बस पुढे जाईपर्यंत धुराचा वास घेत राहिलो. शेजारचा म्हणाला, "काच लावा राव, धूर येतोय." मी लावली.

घरी मुलीला सांगितलं. ती ताटावरून उठली आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. मग तिनं मला विचारलं, "आणि ती खालची माती? जेसीबी आला तर मातीपण जाईल ना?" जाणार, मी म्हणालो. "मग तुम्ही काय करणार?" मी काय करणार, जागा कंपनीची आहे. हे मी बोललो ते ऐकायला मलाच कसंतरी वाटलं. "तुम्हाला काहीच कसं वाटत नाही, पप्पा?" ती म्हणाली. तिला उत्तर हवं होतं असं नाही. पण मी त्या रात्रभर तेच शोधत होतो, आणि खरंच काही सापडलं नाही. राग नाही, दुःख नाही. फक्त एक गोष्ट पक्की होती, त्या मातीला जेसीबी लागायला नको.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी रॅकमधून पिवळ्या लेबलांचा अख्खा गठ्ठा काढला आणि फेज टूमध्ये गेलो. पहिल्या खुंटाला लेबल बांधलं. मग दुसऱ्याला. सुपरवायझर डबा सोडून धावत आला. मी काय करतोय ते बघितलं, आणि काही न विचारता सुतळीचे तुकडे तोडून देऊ लागला. होल्ड म्हणजे काय हे त्याला ठाऊक होतं. ते त्या जेसीबीवाल्यालाही सांगता येण्यासारखं होतं.

होल्डच्या लेबलावर एक ओळ असते, कारण. ती रिकामी ठेवली तर होल्ड चालत नाही, हा माझाच नियम. मी प्रत्येक लेबलावर लिहीत गेलो, तपासणी बाकी. हिवर, तपासणी बाकी. पळस, तपासणी बाकी. कडुलिंबापाशी आलो, लेबल गुडघ्यावर ठेवलं, आणि पेन थांबलं. खोटं कारण लिहून मी कधी माल अडवलेला नाही. मी लिहिलं, बायको.

मॅनेजर दुपारीच आले. बरोबर कुणी नव्हतं. "काका, हे काय? ही झाडं क्वालिटीत कधीपासून यायला लागली?"

"होल्ड आहे सर."

"कशावर होल्ड? मला लॉन टाकायचंय इथे. व्हिजिट तोंडावर आहे." त्यांनी वाकून एक लेबल वाचलं, मग दुसरं. चिडले होते, पण लेबल ओढून काढलं नाही. वाचत वाचत ते कडुलिंबाच्या खुंटाशी पोचले. तिथे जरा जास्त वेळ वाकून राहिले. मग सरळ होऊन माझ्याकडे बघितलं.

"तिची राख इथे आहे," मी म्हणालो. "झाडं लावली तेव्हा मी टाकली. कुणाला विचारलं नव्हतं."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी कंपनीत पहिल्यांदा बोललो. सुपरवायझर माझ्या मागे सुतळी धरून उभा होता. त्याला हे माहीत नव्हतं. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मॅनेजरांनी खिशातून फोन काढला, थोडं लांब जाऊन बोलले आणि परत आले. "जेसीबी नाही येणार," ते म्हणाले. जाता जाता थांबले. "काका, मला आधी सांगायचं होतं."

पाहुणे आले, काचेतून मागे बघितलं आणि त्या पिवळ्या लेबलांबद्दल विचारलं. मॅनेजरांनी सांगितलं, होल्ड. पाहुण्यांनी मान डोलावली आणि पुढे गेले. होल्ड जगातल्या सगळ्या कारखान्यांत कळतं.

मोजणीवाली मुलगी बातमी ऐकून आली ती खुंटांच्या मधोमध उभी राहून रडली. "मीच बांधल्या लाल फिती," एवढंच ती परत परत म्हणत होती. मला तिचा हेवा वाटला. एका फितीसाठी इतकं रडता येतं, आणि मला येत नव्हतं. मी तिला पाणी दिलं, बाळ, तुझी काही चूक नाही असं सांगितलं, आणि ते खरंच होतं. सावरल्यावर ती खाली बसली, नखानं खुंटाची साल खरवडली. आत ओलं हिरवं होतं.

"मुळं जिवंत आहेत काका. वरचं गेलं ते गेलं, पण मुळांतलं अजून जमिनीतच आहे. आपल्याकडचं रान असंच परत येतं, खुंटातून."

"आणि वरचं, जे जळलं?"

"ते हवेत. पुढच्या पानांना लागेल तेव्हा ती ओढून घेतीलच की. अगदी तेच असं नाही सांगता येत, हवा सगळी मिसळते." ती डोळे पुसत म्हणाली. तिला मी नेमकं काय विचारतोय ते माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

मी घरी जाऊन मुलीला विचारलं, "त्या दिवशी धूर कुठल्या बाजूला जात होता गं, तुला आठवतं?" तिनं हातातला फोन खाली ठेवला. मग म्हणाली, "मी कुठे बघत होते पप्पा. मी तुमच्या शर्टात तोंड खुपसलं होतं."

पावसाळ्यानंतर खुंटांना धुमारे फुटले. मोजणीवाली मुलगी परत आली. या वेळी तिच्या पिशवीत निळ्या फिती होत्या. कडुलिंबाच्या खुंटातून झुपका निघाला होता, तांबूस पानांचा. तिनं टेप काढला आणि परत खिशात ठेवला. "हे इतक्यात नाही धरता येणार काका. घेर फार कमी आहे. अमुक एक जाडी झाल्याशिवाय हिशोबात घेत नाहीत."

"म्हणजे ते नाहीच?"

"आहे. फक्त मोजणीत नाही."

ती पुढच्या खुंटाकडे गेली. मी तिथेच थांबलो. खिशात माझा व्हर्निअर होता. तो खोलीबाहेर न्यायची परवानगी नसते, आणि तोपर्यंत मी तो कधी नेला नव्हता. मी गुडघ्यावर बसलो. पिवळं लेबल उन्हापावसानं फिकं पडलं होतं, पण माझं अक्षर वाचता येत होतं. त्यातला सर्वांत जाड धुमारा मी जबड्यात अलगद धरला, चेपणार नाही इतपतच, आणि रीडिंग घ्यायला डोळा जवळ नेला.

रीडिंग येईना. रेघा एकमेकींत शिरत होत्या. मला वाटलं चष्म्याची काच धुळकट झाली असेल, म्हणून शर्टाला पुसली आणि परत बघितलं. तरी येईना. तीस वर्षं हे काम करतोय, माझं रीडिंग कधी अडलं नव्हतं. मग धुमाऱ्याच्या पानावर पाणी पडलं, आणि ते कुठून पडलं हे मला जरा वेळानं कळलं. मला थांबता येईना. आवाजही येत होता, माझाच, आणि मला तो ओळखीचा वाटत नव्हता.

सुपरवायझर कधी शेजारी येऊन बसला ते कळलं नाही. त्यानं माझ्या हातातून व्हर्निअर सोडवून घेतला, त्याचे जबडे मिटवले आणि माझ्या खिशात ठेवला.

"राहू द्या भाऊ," तो म्हणाला. "उद्या घेऊ माप. वैनी आता कुठं जात्यात."